‘ग्रेड वन’ म्हणजे पास की नापास?

गेल्या वर्षी विज्ञान दिनानिमित्त एका तालुक्याच्या गावी शाळेत बोलायला गेलो होतो. भाषण झाले, मुलांचे प्रश्न झाले आणि शिक्षक-कक्षात चहा आला. तेव्हा गणिताचे एक ज्येष्ठ शिक्षक खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही जीवरसायनवाले ना? एक कागद दाखवायचा होता." पिशवीतून सोनोग्राफीचा अहवाल निघाला. बाकी सारे ‘नॉर्मल’ होते. शेवटच्या ओळीत एवढेच लिहिले होते : ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’.

"मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. तूप तर दोन वर्षांपासून बंद आहे. पोटात दुखत नाही, कावीळ नाही. डॉक्टर म्हणाले, ग्रेड वन आहे, वजन कमी करा. म्हणजे तसं काही विशेष नाही ना?"

पलीकडे बसलेल्या मॅडमनी हे ऐकले. त्या म्हणाल्या, "माझ्याही रिपोर्टात तेच आलंय. आणि मी तर ही अशी बारीक. घरी सांगितलंच नाही मी. लिव्हर म्हटलं की लोकांच्या मनात एकच येतं."

या चार-पाच वाक्यांत या आजाराबद्दलच्या बहुतेक सगळ्या समजुती आल्या. त्यातली एकही वेडगळ नाही. प्रत्येक समजुतीत थोडे तथ्य आहे आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी ती चुकते. या समजुतींना हसण्याचा अधिकार मला तर मुळीच नाही. असाच एक कागद माझ्याही कपाटात दोन वर्षे पडून होता. ‘ग्रेड वन तर आहे’ म्हणून मीच तो तिथे ठेवला होता.

भारतात झालेल्या अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांच्या यकृतात जादा मेद आढळला. रुग्णालयांतील पाहण्यांत हे प्रमाण अधिक होते, वस्त्यांतील पाहण्यांत कमी. तरीही दहा-बारा जणांच्या शिक्षक-कक्षात असे अहवाल असलेले दोन-तीन जण निघाले, तर त्यात नवल नाही.

यकृतात मेद येतो कोठून?

यकृत उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. वजन साधारण दीड किलो. आतड्यांतून अन्नरस घेऊन येणारे रक्त शरीरभर जाण्याआधी यकृतातून जाते. म्हणून यकृताला शरीराचे गोदाम म्हणता येईल. तिथे माल येतो, त्याची निवड होते, काही माल साठवला जातो, काही बाहेर पाठवला जातो. मेदाचेही तसेच. निरोगी यकृतातही थोडा मेद असतो. पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब दिसू लागले, की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. आवक जास्त आणि जावक कमी झाली, की गोदाम भरू लागते.

आता आवक कोठून होते ते पाहू. मद्य हे एक कारण आहेच. पण १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांच्या यकृताचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मद्यप्यांच्या यकृतासारखे दिसत होते, पण ते मद्यपी नव्हते. त्या आजाराला तोवर नावसुद्धा नव्हते. म्हणजे ‘दारू नाही तर लिव्हरचा आजार कसा?’ हा गणिताच्या सरांना पडलेला प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला होता.

दुसरी समजूत तुपाची. चरबी खाल्ली म्हणून चरबी साठली, हे तर्कशुद्ध वाटते. २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजून पाहिले. नऊ रुग्णांना खूण केलेले, म्हणजे जड समस्थानिके असलेले, पदार्थ काही दिवस दिले आणि नंतर यकृताच्या नमुन्यातील मेद कोणत्या वाटेने आला ते तपासले. सुमारे ५९ टक्के मेद शरीरातील चरबीच्या साठ्यांतून सुटून रक्तावाटे आलेला होता. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतःच, मुख्यतः साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून, बनवलेला होता. थेट आहारातील स्निग्ध पदार्थांतून आलेला मेद फक्त १५ टक्के होता.

पहिला वाटा एवढा मोठा का? एरवी इन्शुलिन हे संप्रेरक चरबीच्या पेशींना ‘मेद धरून ठेवा’ असा निरोप देत असते. पोटाचा घेर वाढलेला, हालचाल कमी आणि खाणे सतत थोडे जास्त, असे वर्षानुवर्षे चालले की पेशी हा निरोप नीट ऐकेनाशा होतात. याला इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. मग या पेशींतून मेदाम्ले रात्रंदिवस झिरपत राहतात आणि यकृतात येऊन पडतात. मधुमेहाचे मूळही इथेच आहे, आणि म्हणून हे दोन आजार बहुधा हातात हात घालून येतात.

दुसऱ्या वाट्याचा हिशेब शिक्षक-कक्षातच होण्याजोगा आहे. दिवसाला चार कप चहा, दर कपात दोन लहान चमचे साखर, एक चमचा सुमारे ५ ग्रॅमचा. झाली ४० ग्रॅम. वर्षाला साडेचौदा किलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची इष्ट मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅम सुचवली आहे. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज शरीरातल्या सगळ्या पेशी वापरतात. फ्रुक्टोजचा मोठा भाग मात्र यकृतालाच निस्तरावा लागतो, आणि जास्त झाला तर त्याचा मेद होतो. साखरेऐवजी गूळ घातला तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही, कारण गुळातही बहुतांश साखरच असते. सरांनी तूप सोडले होते, चहा सोडला नव्हता. अर्थात तूप वाटेल तेवढे खावे, असा याचा अर्थ नाही. एकूण खाणे जास्त झाले की ते कोणत्याही वाटेने गोदामात पोचते.

‘दुखत तर काहीच नाही’

यकृताच्या आतल्या भागात वेदना कळवणारे मज्जातंतू नसतात. ते असतात त्याच्या वरच्या आवरणात. यकृत फुगून आवरण ताणले गेले, तर उजवीकडे जडपणा वाटतो, काहींना थकवा जाणवतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कावीळ, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी ही लक्षणे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यामुळे न दुखणे हे यकृत चांगले असल्याचे लक्षण धरता येत नाही. शिवाय एस.जी.पी.टी.सारखी विकरे रक्तचाचणीत मर्यादेच्या आत असूनही आजार असू शकतो.

दुसऱ्या टोकाची माणसेही असतात. ‘लिव्हर’ हा शब्द वाचला की त्यांची झोप उडते. त्यांना सांगायला हवे की मेद साठलेल्या बहुसंख्य लोकांचे यकृत निकामी होत नाही. मेदामुळे काही जणांच्या पेशींना इजा होते आणि दाह सुरू होतो. इजा झाली की शरीर डागडुजी करते. यकृतात काही ताराकृती पेशी असतात. एरवी त्यांचे काम जीवनसत्त्व ‘अ’ साठवण्याचे. दाह सुरू राहिला की त्या आपले रूप बदलून तंतू विणू लागतात. हाताला कापल्यावर उरणाऱ्या व्रणासारखाच हा व्रण. तो पसरत गेला की मऊ यकृत कडक होते आणि शेवटी यकृत-काठिण्य, म्हणजे सिऱ्होसिस होतो. व्रणाच्या ० ते ४ अशा पायऱ्या मानतात. एक पायरी चढायला दाह असल्यास सरासरी सात वर्षे, नुसता मेद असल्यास सुमारे चौदा वर्षे लागतात, असा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासाचा निष्कर्ष आहे. ही सरासरी आहे, काही जण वेगाने पुढे जातात. पण बहुतेकांना वेळ मिळतो, हे खरे.

ग्रेड कशाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण शिक्षक मंडळी. श्रेणी म्हटले की आपल्याला प्रगतिपुस्तक आठवते. ग्रेड वन म्हणजे हलका आजार, थ्री म्हणजे भारी, असे आपण धरून चालतो.

सोनोग्राफीतील ग्रेड म्हणजे प्रतिमेच्या उजळपणाचे वर्णन आहे. श्राव्यातीत ध्वनिलहरी मेदाच्या बारीक थेंबांवरून विखुरतात, त्यामुळे पडद्यावर यकृत अधिक पांढरे दिसते. शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा उजळ दिसले तर ग्रेड वन. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर टू. खोलवरचा भाग आणि पलीकडचा पडदाही दिसेनासा झाला तर थ्री. यात पाहणाऱ्याच्या नजरेचा भाग बराच असतो. मेद वीस टक्क्यांहून कमी असेल तर सोनोग्राफीला तो अनेकदा दिसतही नाही.

महत्त्वाचे म्हणजे ग्रेड सांगते मेदाबद्दल, व्रणाबद्दल नव्हे. आणि रुग्णाचे भवितव्य ठरते ते व्रणावरून. २०१५ मध्ये ६१९ रुग्णांचा दीर्घकाळचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृताच्या नमुन्यात दिसणाऱ्या सगळ्या खुणांपैकी पुढच्या आयुष्याशी खरा संबंध निघाला तो व्रणाच्या पायरीचा. ग्रेड थ्री असलेल्याला मुळीच व्रण नसेल आणि ग्रेड वनवाल्याला बराच असेल, असे होऊ शकते. सिऱ्होसिस झाल्यावर तर यकृतातला मेद कमी होत जातो. मग अहवालातली ग्रेड सुधारलेली दिसते आणि आजार मात्र पुढे गेलेला असतो! म्हणून ‘ग्रेड वन म्हणजे पास’ हेही चूक आणि ‘ग्रेड टू झाली, आता संपलं’ हेही चूक. ही परीक्षाच वेगळ्या विषयाची आहे.

मग व्रण कळणार कसा?

यासाठी एक साधे गणित आहे. त्याला फिब-४ म्हणतात. वय, एस.जी.ओ.टी., एस.जी.पी.टी. आणि प्लेटलेटची संख्या एवढे चार आकडे लागतात, आणि ते साध्या रक्ततपासणीत मिळतात. वयाला एस.जी.ओ.टी.ने गुणायचे. मग प्लेटलेटच्या संख्येला (हजारांत) एस.जी.पी.टी.च्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे.

सरांनी अहवालाच्या पाठीमागेच गणित मांडले. वय ५४, एस.जी.ओ.टी. ३६, एस.जी.पी.टी. ६४, प्लेटलेट अडीच लाख, म्हणजे २५०. वर १९४४, खाली २५० गुणिले ८, म्हणजे २०००. उत्तर ०.९७. ते १.३ पेक्षा कमी असेल तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. जास्त असेल तर पुढची तपासणी करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात. (पस्तिशीच्या आत हे गणित फारसे विश्वासार्ह नाही. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात.)

"आणि प्लेटलेट दीड लाखच असत्या तर?" सरांनीच विचारले आणि सोडवलेही : १.६२. बाकी सारे तेच, तरी उत्तर मर्यादेच्या वर गेले. याचे कारण मोठे सुंदर आहे. यकृत कडक झाले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. ते मागे तुंबते, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. प्लेटलेट तयार करायला सांगणारे संप्रेरकही मुख्यतः यकृतच बनवते. वय गणितात येते, कारण व्रण पडायला वर्षे लागतात. अर्थात हे गणित म्हणजे निदान नव्हे. डेंग्यूतही प्लेटलेट कमी होतात. डॉक्टरांपुढे ठेवण्याचा तो एक प्रश्न आहे, एवढेच.

पुढची तपासणी बहुधा इलॅस्टोग्राफीची असते. बरगड्यांमधून यकृताला हलकासा धक्का देऊन आत उठलेल्या लहरीचा वेग मोजतात. सैल दोरीवर लहर सावकाश जाते, ताणलेल्या दोरीवर झपाट्याने. मऊ आणि कडक यकृताचेही तसेच आहे. वर्गात दोन मुलांच्या हाती लांब दोरी देऊन हे सहज दाखवता येईल.

‘चरबी’ या शब्दाचा त्रास

मॅडमच्या गप्प राहण्याचे कारणही समजून घ्यायला हवे. आपल्याकडे ‘लिव्हर खराब झालं’ म्हणजे दारू, हे समीकरण पक्के. आणि ‘चरबी चढली’ हे तर आपण माजलेल्या माणसाबद्दल म्हणतो. म्हणजे आजाराच्या नावातच रुग्णावर दोन आरोप : पिता तरी, नाही तर खा-खा खाता. मग माणूस अहवाल लपवतो, आणि लपवलेल्या आजाराचे पथ्य घरात सांभाळता येत नाही.

ही अडचण आपलीच नाही. २०२३ मध्ये ५६ देशांतील २३६ जणांशी विचारविनिमय होऊन या आजाराचे इंग्रजी नाव बदलण्यात आले. त्यांत डॉक्टरांबरोबर रुग्णांचे प्रतिनिधीही होते. ‘फॅटी’ हा शब्द अवमानकारक वाटतो, असे ६६ टक्के जण म्हणाले. ‘नॉन-अल्कोहोलिक’बद्दल ६१ टक्के तसेच म्हणाले. नव्या नावात चयापचयातील बिघाडावर भर आहे.

बारीक माणसालाही हा आजार होतो, हे तर आपल्या देशातच ठळकपणे दिसले. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. हा आजार सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वजनानेही जास्त नव्हते आणि पोटानेही सुटलेले नव्हते. आपल्या लोकांत कमी वजनातही पोटाच्या आत मेद साठतो. म्हणून काट्याबरोबर टेपही हवी. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे आपल्यासाठी मानतात. मॅडमनी शिवणाच्या कपाटातली टेप आणून मोजले : ८४. त्यांच्या आईला मधुमेह होता, हेही मग बोलण्यात आले.

‘फक्त वजन कमी करा’

डॉक्टरांनी गोळी दिली नाही म्हणजे आजार किरकोळ, असे आपल्याला वाटते. मग माणूस स्वतःच ‘लिव्हर साफ करणारे’ काढे शोधतो. यकृतातला मेद धुऊन काढणारा काढा नाही. उलट काही वनौषधींनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर असे झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि वाद झाला. पण जे काही घेत असू ते डॉक्टरांना सांगावे, याबद्दल तरी वाद नसावा. आधुनिक औषधे अलीकडे आली आहेत. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला या आजारासाठी मान्यता मिळाली. तीही मध्यम ते जास्त व्रण असलेल्यांसाठी, आणि आहार-व्यायामाच्या जोडीनेच.

वजनाचा सल्ला किती जोरदार आहे, हे क्यूबातील एका अभ्यासावरून कळते. हव्हाना येथे २९३ रुग्णांनी वर्षभर आहार-व्यायाम केला. निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन दहा टक्के किंवा अधिक उतरले, त्यांच्यातील ९० टक्क्यांचा दाह गेला आणि ४५ टक्क्यांचा व्रणसुद्धा मागे हटला. यकृताचा व्रण मागे हटू शकतो, ही केवढी आशेची गोष्ट आहे! पण याच अभ्यासातला दुसरा आकडाही वाचायला हवा. दहा टक्क्यांपर्यंत पोचले फक्त २९ जण, म्हणजे दहातला एक. पाच टक्के तरी उतरवणारे साधारण तीस टक्के. सल्ला सोपा आहे, तो पाळणे अवघड आहे, आणि हे अवघडपण रुग्णाच्या आळसात मोजून चालणार नाही.

कारण ताट एकट्याचे नसते. सरांच्या घरी स्वयंपाक पाच जणांचा होतो. उपवासाला साबुदाण्याची खिचडी असते. शाळेत साखर घातलेलाच चहा किटलीतून येतो. अमेरिकेत ११ ते १६ वयाच्या ४० मुलांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या आहारातून वरची साखर जवळजवळ काढून टाकली. आठ आठवड्यांत त्यांच्या यकृतातला मेद २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला. नेहमीचे खाणाऱ्या मुलांत तो २१ वरून २० झाला. यातली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट म्हणजे संशोधकांनी जेवणाची व्यवस्था त्या मुलांपुरती न करता त्यांच्या घरातल्या सर्वांसाठी केली होती.

एवढे कळले की कामाचे तुकडे पाडता येतात. ७१ किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुरे. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवू नये, त्याने यकृतावर उलटा ताण पडू शकतो. आठवड्यात दीडशे मिनिटे झपझप चालावे. वजन फारसे उतरले नाही तरी व्यायामाने यकृतातला मेद कमी होतो. मद्य टाळावे. रक्तातील साखर आणि रक्तदाब नियमित तपासावा, कारण या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदयविकार आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो या नात्यामुळेच.

सात महिन्यांनी सरांचा फोन आला. आवाज पडलेला. "सर, वजन ७१ वरून ६७ झालं. पण रिपोर्टात पुन्हा ग्रेड वनच. नापासच की!" मी बाकीचे आकडे विचारले. एस.जी.पी.टी. ६४ वरून ४१ वर आले होते, कमरेचा घेर चार सेंटिमीटरने कमी झाला होता, उपाशीपोटीची साखर उतरली होती. ते चालणे बंद करायच्या विचारात होते, एका शब्दासाठी. आकडे एकाखाली एक लिहायला सांगितल्यावर गणिताचा माणूस स्वतःच म्हणाला, "मी चुकीच्या रकान्यात बघत होतो."

शाळेतली किटली आता बिनसाखरेची येते आणि साखरेचा डबा शेजारी असतो, हेही त्यांनी सांगितले. मॅडमनी घरी सांगितले. त्यांच्या यजमानांनीही तपासणी केली, आणि त्यांचाही अहवाल तोच निघाला. माझा कागद मी कपाटातून बाहेर काढला आहे. तीन किलो उतरले आहेत, अजून तेवढेच उतरायचे आहेत.